ऐकून केलेली शिरगणती

देवमासे ऐकण्याचं काम मी काही काळ केलं, आणि त्यातलं बहुतेक डोळ्यांनी केलं. एका संशोधन प्रकल्पाला समुद्रातली ध्वनिमुद्रणं तपासायला स्वयंसेवक हवे होते. पडद्यावर स्पेक्ट्रोग्राम उघडायचा: आडवा अक्ष वेळेचा, उभा अक्ष कंपनसंख्येचा, आवाज जितका मोठा तितका रंग गडद. निळ्या देवमाशाची हाक साधारण पंधरा ते तीस हर्ट्झची, म्हणजे माणसाच्या कानाचा जिथे तळ लागतो त्या भागातली. साध्या स्पीकरवर ती वाजतच नाही. दहापट वेगानं वाजवली तर ऐकू येते, पण मग ती एवढ्या मोठ्या प्राण्याची आहे यावर विश्वास बसत नाही. म्हणून ती बघायची.

बघता बघता नजर बसते. फिन व्हेलची हाक म्हणजे वीस हर्ट्झपाशी सेकंदभराची उभी खूण. ठरावीक अंतरानं एकेक, तासन्‌तास. निळ्याची लांबलचक आडवी रेघ, शेवटाला किंचित घसरलेली. हंपबॅक जातीचा देवमासा असला तर पडदाभर नक्षी. पण या सगळ्यांच्या मध्ये बाकीचा समुद्रही आपलं चालू ठेवून असतो. जहाज जवळून गेलं की खोलगट वक्ररेषा एकाखाली एक उमटतात. कुठे तेल शोधायला एअरगन, म्हणजे दाबलेल्या हवेचे बार, उडवत असतील, तर शेकडो किलोमीटरवरूनही काही सेकंदांच्या अंतरानं पट्टे पडत राहतात. भरती-ओहोटीचा जोर वाढला की उपकरण बांधलेला दोर थरथरतो आणि नेमका तळाचा भाग, जिथे निळा आणि फिन सापडायचे, तो काळवंडून जातो.

तक्त्यात तीन रकाने होते: आहे, नाही, सांगता येत नाही. तिसऱ्या रकान्याचा मला राग यायचा, कारण माझे सगळ्यात जास्त तास त्यात जायचे. आमची समन्वयक मात्र त्याबाबत भारी कडक. जहाज गेलं त्या अर्ध्या तासासमोर कुणी ‘नाही’ लिहिलं की ती तक्ता परत पाठवायची. ऐकू आलं नाही आणि ऐकताच आलं नाही, यांची गल्लत झाली की पुढचं सगळं गणित वाया, असं तिचं म्हणणं. तेव्हा मला हा कारकुनी काटेकोरपणा वाटायचा. नंतर या विषयाचं जे जे वाचत गेले, त्यात जवळपास प्रत्येक वाद फिरून याच मुद्द्याशी येऊन थांबलेला दिसला.

मुळात कानांनी मोजायची वेळ का यावी? डोळ्यांनी मोजायचं तर जहाज लागतं, उजेड लागतो, शांत समुद्र लागतो आणि देवमासा वर यावा लागतो. स्पर्म व्हेल एकदा खाली गेला की पाऊणएक तास वर येत नाही. धुकं, रात्र, हिवाळा, बर्फ, एवढे दिवस वजा केले तर हातात उरतं काय? याउलट समुद्रतळावर ठेवलेला ध्वनिमुद्रक महिनोन्‌महिने अहोरात्र चालतो. वजनाला बांधून त्याला तळाशी सोडतात, वर हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, आणि तरंगते गोळे. परत घ्यायची वेळ आली की जहाजावरून पाण्यात ठरलेला सांकेतिक आवाज सोडायचा. तो ओळखून खालची कडी सुटते, वजन तळाशी राहतं आणि उपकरण आपलं आपण वर येतं. यायचं असेल तर. म्हणजे कळणारी बातमी बहुतेकदा वर्षभर शिळी असते. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरे उपसागरात ९०० मीटर खोलीवरचा हायड्रोफोन केबलनं किनाऱ्याला जोडलेला आहे, त्यामुळे तिथलं जिवंत ऐकता येतं. पण ती चैन मोजक्या ठिकाणीच.

पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. त्यात आणखी एक सोय निसर्गानं करून ठेवली आहे. वरचं पाणी उबदार म्हणून तिथे वेग जास्त, खूप खाली दाब जास्त म्हणून तिथेही वेग जास्त. मधल्या एका थरात तो सगळ्यात कमी. आवाज नेहमी कमी वेगाकडे वळतो, त्यामुळे या थरात शिरलेला खर्जातला आवाज ना पृष्ठभागाला धडकत ना तळाला, आणि शेकडो मैल जातो. १९४४ मध्ये मॉरिस युइंग आणि जे. लमार वॉर्झेल यांनी पाण्यात स्फोट करून हे दाखवून दिलं. मग हा थर साहजिकच नौदलाच्या हाती गेला. अमेरिकेनं १९५० च्या दशकापासून सोव्हिएत पाणबुड्या ऐकण्यासाठी समुद्रतळावर हायड्रोफोनच्या रांगा टाकल्या.

पाणबुड्या ऐकू आल्या, पण त्याबरोबर वीस हर्ट्झचे ठोकेही ऐकू येऊ लागले. सगळीकडून, इतके नेमके आणि इतके एकसारखे, की ते यंत्राचेच असावेत असं वाटावं. सोव्हिएत युक्ती, भूगर्भातली हालचाल, काय काय तर्क झाले. त्या ठोक्यांमध्ये एक गोष्ट खटकणारी होती: काही मिनिटं ठोके, मग दोन-तीन मिनिटं काहीच नाही, परत ठोके. श्वास घ्यायला वर येणाऱ्या प्राण्याच्या सवयीशी या खंडाचा मेळ बसत होता. १९६४ मध्ये विल्यम शेव्हिल आणि विल्यम वॉटकिन्स यांनी सहकाऱ्यांसह लिहून टाकलं, हा फिन व्हेल. या कथेतला मला आवडणारा भाग हाच, की आवाजानं जेवढं सांगितलं नव्हतं तेवढं मधल्या गप्प बसण्यानं सांगितलं.

शीतयुद्ध संपल्यावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला या यंत्रणेची दारं शास्त्रज्ञांसाठी किलकिली झाली. ख्रिस्तोफर क्लार्क यांनी एका निळ्या देवमाशाच्या आवाजाचा सलग ४३ दिवस अटलांटिकभर माग काढला. त्याच यंत्रणेतून वॉटकिन्स यांना प्रशांत महासागरात ५२ हर्ट्झवर हाक घालणारा एक प्राणी सापडला. १९८९ मध्ये पहिल्यांदा, आणि १९९२ पासून पुढे बारा वर्षं दर हंगामात. त्याला जगानं ‘सर्वांत एकाकी देवमासा’ करून टाकलं. मला तो गळेपडूपणा सोसत नाही. त्याची पट्टी वेगळी होती म्हणून इतरांना तो ऐकूच येत नसेल, असं मानायला काही आधार नाही. ५२ हर्ट्झ ही काही देवमाशांच्या कानाबाहेरची गोष्ट नव्हे. त्यातलं खरं नवल वेगळंच होतं: कुणीही न पाहिलेल्या एका प्राण्याचे बारा वर्षांचे प्रवास निव्वळ आवाजावरून नकाशावर काढता आले. आणि ते जमलं कारण तो एकटाच तसा होता. बाकीच्यांच्या हाका एकमेकींसारख्या. पडद्यावर शंभर खुणा दिसल्या, तर ते शंभर देवमासे, की शंभरदा ओरडलेला एकच?

खरी मेख इथे आहे. हाकांवरून संख्या काढायचं सूत्र कागदावर साधं दिसतं. ऐकू आलेल्या हाका घ्या, त्यातून चुकून धरलेल्या वजा करा. मग आपला हायड्रोफोन किती क्षेत्रातलं ऐकतो, त्या क्षेत्रातली हाक कानावर पडायची शक्यता किती, आपण किती वेळ ऐकलं आणि एक प्राणी तासाला सरासरी किती हाका घालतो, या सगळ्यांनी भागा. आलेलं उत्तर म्हणजे दाटी. आता एकेक भाजक हलवून बघा. ऐकण्याचं क्षेत्र कायम नसतं. वादळ आलं, जहाज आलं की ते आक्रसतं. आणि शेवटचा भाजक, प्राण्याची बडबड, तो तर सगळ्यात डळमळीत. तो मोजायला देवमाशाच्या पाठीवर रबरी चूषकानं ध्वनिमुद्रक चिकटवतात. तो काही तास टिकतो आणि सुटतो. त्या काही तासांवर अख्ख्या समुद्राचा हिशोब तोलायचा.

त्यात हंपबॅक, निळा आणि फिन, तिघांचंही गाणं नरांचं. म्हणजे गाण्यांवरून मोजायचं तर माद्या आणि पिल्लं हिशोबात धरावी लागतात ती मनानंच. नरसुद्धा बारा महिने सारखा गात नाहीत. मॉन्टरेच्या त्याच हायड्रोफोनवरून २०२० मध्ये एक सुरेख गोष्ट पुढे आली. निळे देवमासे तिथे उन्हाळ्यात खात असतात तेव्हा दिवसा पोट भरायचं आणि रात्री गायचं, अशी त्यांची वाटणी; दक्षिणेकडे निघायची वेळ झाली की ती वाटणी मोडते आणि दिवसाही गाणं सुरू होतं. म्हणजे गाणं किती, यापेक्षा ते कोणत्या वेळेला, यावरून स्थलांतर कळतं. उलट बाजूनं पाहिलं तर भर उन्हाळ्यातल्या दुपारी एकही हाक नसणं हे देवमासे भरपेट खात असल्याचंही लक्षण असू शकतं.

आणि पट्टी. जगभरातल्या निळ्या देवमाशांचं गाणं गेली कित्येक दशकं खाली खाली सरकत चाललं आहे. कॅलिफोर्नियालगतची पट्टी १९६० च्या दशकाच्या मानानं ३१ टक्क्यांनी उतरल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. का, याची कारणं अनेक सुचवली गेली, एकमत नाही. मला आपलं त्यातलं व्यवहारी भय वाटतं. जुन्या पट्टीवर बेतलेला हाक-शोधक कुणी तसाच चालू ठेवला, तर तो प्रामाणिकपणे, वर्षागणिक, देवमासे कमी होत चालल्याचं सांगत राहील.

दात असलेल्या देवमाशांचं गणित त्यामानानं सरळ. त्यांचा आवाज हौसेचा नाही, पोटाचा आहे. खोल अंधारात स्पर्म व्हेल टकटक सोडून प्रतिध्वनीवर शिकार शोधतो. गप्प राहिला तर उपाशी राहील. त्यात त्याची एकेक टकटक म्हणजे मोजपट्टीच. आवाज डोक्याच्या पुढच्या भागात उमटतो, त्यातला काही मागच्या हवेच्या पिशवीवर आपटून परत फिरतो, पुढे येऊन पुन्हा मागे जातो. त्यामुळे एका टकटकीच्या पोटात काही हजारांश सेकंदांच्या अंतरानं बारीक ठोके येतात. ते अंतर मोजलं की डोक्याची लांबी कळते, आणि तिच्यावरून प्राण्याची. पडद्यावर ती टकटक ताणून मोठी केली आणि तिच्यातले ते ठोके सुटे सुटे दिसले, तेव्हा मी ते काम थांबवून नुसती बघत बसले होते.

या कुळातल्या सगळ्यात लहानाचं, कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या व्हाकिटाचं, सगळ्यात वाईट वर्तमानही असंच कळलं. ४६ ठिकाणी टकटक मोजणारी यंत्रं ठेवलेली होती. २०११ ते २०१५ दरम्यान तिथली संख्या दरवर्षी सरासरी ३४ टक्क्यांनी घटली. व्हाकिटा टकटक करायचा थांबत नाही, म्हणून तिथल्या शांततेचा दुसरा अर्थ काढायला जागाच नव्हती. टोटोआबा माशासाठी लावलेल्या जाळ्यांत तो अडकून मरत होता.

आता बोहेड या उत्तर ध्रुवाकडच्या देवमाशाची गोष्ट, जी मी कुणालाही सांगत सुटते. अलास्काच्या उत्तर टोकाला, पॉइंट बॅरोपाशी, वसंतात बर्फ फाटून पाण्याची वाट तयार होते आणि बोहेड त्या वाटेनं पूर्वेला जातात. तिथले मूळ रहिवासी असलेले इन्युपियाट लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यांची शिकार करत आले आहेत. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगानं त्या शिकारीवर बंदी घातली, कारण शास्त्रज्ञांच्या अंदाजानं उरलेले बोहेड होते ६०० ते २,०००. हा आकडा बर्फाच्या कडेला उभं राहून, समोरच्या उघड्या पाण्यातून जाणारे देवमासे मोजून आला होता. इन्युपियाट तांडेलांनी तो उडवूनच लावला. देवमासे फक्त उघड्या पाण्यातून जात नाहीत, पार लांबून बर्फाखालूनही जातात, डोक्यानं बर्फ उचलून फोडतात आणि श्वास घेऊन पुढे निघतात, असं त्यांचं सांगणं. तुम्ही बघताय तिथून जाणारेच तुम्ही मोजताय.

हे ऐकून सोडून देणं सोपं होतं. शिकारबंदीनं ज्यांचं पोट आणि सण दोन्ही अडले, ते संख्या जास्त आहे असंच म्हणणार, हा शेरा तयारच होता. पण टॉम आल्बर्ट नावाच्या जीवशास्त्रज्ञानं हॅरी ब्रोवर सीनियर या ज्येष्ठ तांडेलाचं म्हणणं कान देऊन ऐकलं आणि ते तपासून बघण्याजोगं मानलं. मग १९८० च्या दशकात बर्फाच्या कडेनं हायड्रोफोनांची रांग पाण्यात सोडली गेली. एकच हाक प्रत्येक हायड्रोफोनला किंचित वेगळ्या क्षणी पोचते. त्या फरकावरून हाक घालणारा कुठे आहे ते काढता येतं. टिंबं नकाशावर मांडली गेली, आणि ती मोजणाऱ्यांच्या नजरेपलीकडे पडत गेली. दूरवर, बर्फाखाली. धुक्यात आणि वाट बंद असताना, म्हणजे मोजणारे हात बांधून बसलेले असतानाही, देवमासे चालले होते. बघून केलेल्या मोजणीत ही ऐकलेली माहिती मिळवल्यावर १९९३ चा अंदाज आठ हजारांच्या आसपास गेला, २०११ चा १७ हजारांच्या जवळ. त्यातली काही वाढ खरी वाढ आहे, कळप वर्षाला साडेतीन-चार टक्क्यांनी फोफावत होता. पण सुरुवातीच्या आकड्यातला मोठा भाग देवमाशांच्या कमतरतेचा नव्हता, मोजणीच्या आंधळेपणाचा होता. आमच्या तक्त्यातला तिसरा रकाना तिथे कुणी भरला असता, तर पहिल्या वर्षीच बर्फाखालच्या सगळ्या पाण्यासमोर ‘सांगता येत नाही’ पडलं असतं.

हिंदी महासागरात याहून विचित्र प्रकार झाला. अणुचाचणीबंदी करारावर पहारा ठेवण्यासाठी दिएगो गार्सिया बेटाजवळ हायड्रोफोन आहेत. पाण्यात कुणी चोरून स्फोट केला तर कळावं म्हणून. त्यांच्या जवळपास दोन दशकांच्या मुद्रणांत एक ठरावीक गाणं वर्षानुवर्षं येत होतं. निळ्या देवमाशांच्या प्रत्येक समुदायाचं गाणं वेगळं असतं आणि त्याचा साचा दशकानुदशकं टिकतो, म्हणून एमॅन्युएल लरॉय आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मांडलं, की हा पिग्मी, म्हणजे जरा लहान चणीच्या, निळ्या देवमाशांचा एक स्वतंत्र समुदाय असावा. जगातल्या सगळ्यात मोठ्या प्राण्यांचा एक अख्खा गोतावळा, आणि त्याचा पत्ता लागला तो अणुबॉम्बच्या पहारेकऱ्याला! त्याच्या थोडं आधी, २०२० मध्ये, ओमानच्या किनाऱ्यावरून आणखी एक अनोळखी गाणं नोंदवलं गेलं. आणि २०२१ मध्येच दिव्या पणिक्कर आणि कॅथलीन स्टॅफर्ड यांनी लक्षद्वीपच्या पाण्यात निळे देवमासे गात असल्याची नोंद प्रसिद्ध केली.

किती आहेत, ते यातल्या एकाही गाण्यावरून सांगता येत नाही. पण इथे कुणीच नाही, असं लिहिणाऱ्या जुन्या नकाशांची पंचाईत झाली एवढं नक्की. मला वाटतं, कानाची खरी ताकद या कामात आहे. आकड्याच्या बाबतीत तो अडखळतो. पण कुणीतरी आहे, कधी आहे आणि कोणत्या गोतातला आहे, हे तो फार विश्वासानं सांगतो.

आता खुणा शोधायला माणसं लागत नाहीत, निदान पहिल्या फेरीला. उत्तर प्रशांतातल्या १३ ठिकाणांच्या १४ वर्षांच्या, म्हणजे १,८७,००० तासांच्या मुद्रणांतून हंपबॅकची गाणी गूगल आणि अमेरिकेच्या नोआ या सरकारी सागर-हवामान संस्थेच्या संशोधकांनी यंत्राकडून वेचून घेतली. त्यात विषुववृत्ताच्या जवळच्या किंगमन रीफवर, जिथे हंपबॅकची नोंद नव्हती, तिथेही गाणं निघालं. माझ्यासारखीला एवढं ऐकायला अनेक जन्म लागले असते, तेव्हा कुरकुर करण्यात अर्थ नाही. फक्त यंत्राला ‘सांगता येत नाही’ म्हणायला शिकवलंय ना, हे मी पहिल्यांदा विचारते.

कारण आता या ऐकण्यावर जहाजं हळू होतात. उत्तर अटलांटिकमधले राइट व्हेल चारशेहूनही कमी उरले आहेत, आणि ते मरतात मुख्यतः जहाजांच्या धडकेनं आणि मासेमारीच्या दोरांत अडकून. एकट्या २०१७ मध्ये कॅनडा आणि अमेरिका मिळून १७ मृतदेह सापडले. त्यांची ओळखीची हाक म्हणजे सेकंदभराचा, खालून वर चढणारा हुंकार. तरंगती यंत्रं आणि पाण्याखालून फिरणारे ग्लायडर तो ओळखून जवळपास लगेच कळवतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अशी हाक पटली की तो भाग पंधरा दिवसांसाठी संथ पट्टा जाहीर होतो आणि जहाजांना तिथे वेग दहा नॉटवर, म्हणजे तासाला साधारण साडेअठरा किलोमीटरवर, आणायची विनंती केली जाते. विनंतीच, सक्ती नाही. इथे किती देवमासे, हा प्रश्न कुणी विचारत नाही. एक हाक पुरते.

पंधरा दिवसांत पुन्हा हाक आली तर मुदत वाढवता येते. आली नाही तर पट्टा उठतो. इथेच माझं घोडं अडतं. राइट व्हेलच्या माद्यांवर चिकटवलेल्या ध्वनिमुद्रकांतून २०१९ मध्ये दिसून आलं, की लहान पिल्लू बरोबर असताना आई तो लांब जाणारा हुंकार जवळजवळ देतच नाही. पिल्लाशी बोलायचं ते अगदी हळू, छोट्या घुरघुरीत, बहुधा शिकाऱ्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून. ती घुरघूर थोड्याशा अंतरापलीकडे पोचत नाही. म्हणजे ज्यांना जहाजापासून सगळ्यात जास्त जपायला हवं, त्याच दोघांना हे यंत्र सगळ्यात कमी ऐकतं. पिल्लं जन्मतात त्या हिवाळ्यातल्या दक्षिणेकडच्या पाण्यासाठी हाकेवर अवलंबून राहण्यापेक्षा, हाक येवो न येवो, पूर्ण हंगामभर वेग कमी ठेवावा आणि तो मोठ्या जहाजांइतकाच छोट्या बोटींनाही लागू करावा, असं माझं मत आहे. बोटवाल्यांना ते परवडत नाही, असं ते म्हणतात.